बादशाह खान : शाळा काढणारा सेनापती

शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितीलच, म्हणून मी या स्मरणिकेसाठी वेगळा विषय घेतला आहे. आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला सविनय कायदेभंगाचा धडा आठवून बघा. दांडी, धारासना, पेशावर, सोलापूर. पेशावरच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद होता. त्यात सरहद्द गांधी खान अब्दुल गफार खान होते, त्यांचे लाल डगलेवाले होते आणि गोळीबार करायला नकार देणारी गढवाल पलटण होती. टीपा लिहा म्हटलं की हा विषय हमखास यायचा. आपण गुणांपुरतं पाठ केलं आणि पुढच्या धड्याकडे वळलो.

अलीकडे मी या माणसाबद्दल मिळेल ते वाचत गेले. गांधीजींचं आठ खंडांचं चरित्र लिहिणाऱ्या डी. जी. तेंडुलकरांनी बादशाह खानांचंही मोठं चरित्र लिहिलं आहे, तिथून सुरुवात झाली. वाचताना सारखं वाटत होतं की हे आपल्या सरांना आणि बाईंना सांगायला हवं. कारण ज्याला आपण सत्याग्रही म्हणून ओळखतो, तो माणूस आधी शाळा काढणारा होता. त्याने धर्माधर्मांत आणि माणसामाणसांत जी शांतता उभी केली, तिचा पाया शाळेत घातलेला होता.

अब्दुल गफार खान यांचा जन्म १८९० चा, पेशावरजवळच्या उत्मानझाई गावातला. वडील बेहराम खान मोठे जमीनदार होते. आई आणि वडील दोघंही निरक्षर. पठाणी समाजात तेव्हा सूड घेणं हे कर्तव्य मानलं जाई. आजोबांच्या काळातला खून नातवाने फेडायचा, मग पुढच्यांनी त्याचा बदला घ्यायचा. जमिनीवरून, पाण्यावरून, एखाद्या शब्दावरूनही घराणीच्या घराणी संपत. बेहराम खानांनी मात्र आपल्या वैऱ्यांना माफ करून टाकलं होतं. ज्या समाजात माफी हा दुबळेपणा समजला जाई, तिथे एक दणकट जमीनदार कुणाशी वैर न ठेवता जगतो, हे मुलाने घरातच पाहिलं.

दुसरी गोष्ट शाळेत पाहिली. त्या भागात मुलांना इंग्रजांच्या शाळेत घालणं मुल्लांना मंजूर नव्हतं. पैशासाठी शिकणाऱ्याला स्वर्गात जागा नाही, असा त्यांचा प्रचार असे. तो न जुमानता बेहराम खानांनी दोन्ही मुलांना पेशावरच्या मिशन शाळेत घातलं. तिथले मुख्याध्यापक रेव्हरंड विग्रॅम हे ख्रिस्ती धर्मोपदेशक. परक्या देशातून आलेला, परक्या धर्माचा हा माणूस पठाणांच्या मुलांसाठी झिजतो आणि गरीब मुलांच्या शिक्षणाला स्वतःच्या पैशातून मदत करतो, याचा अब्दुल गफारवर खोल परिणाम झाला. आपल्या समाजातल्या श्रीमंतांना आपल्याच मुलांबद्दल असं का वाटत नाही, हा प्रश्न त्यांना तिथे पडला. पुढे आयुष्यभर त्यांनी इंग्रज सरकारशी झुंज दिली, पण या इंग्रज शिक्षकाचं ऋण ते शेवटपर्यंत मानत राहिले. मुसलमान मुलाला समाजसेवेचा पहिला धडा एका ख्रिस्ती शिक्षकाकडून मिळाला. सर्वधर्मसमभावावरच्या भाषणांपेक्षा ही एक घटना मला जास्त शिकवून गेली.

मॅट्रिकच्या सुमारास त्यांना 'गाइड्स' या नावाजलेल्या पलटणीत अधिकारी होण्याची संधी आली. सहा फुटांहून उंच, धिप्पाड देह आणि खानदानी घर; सैन्याला असाच तरुण हवा होता. पण त्या पलटणीतल्या एका ओळखीच्या हिंदी अधिकाऱ्याचा एका गोऱ्या अधिकाऱ्याने केलेला अपमान त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि नोकरीचा विचार सोडला. मोठे भाऊ, पुढे डॉ. खानसाहेब म्हणून प्रसिद्ध झालेले, वैद्यकीच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले होते. अब्दुल गफारनाही पाठवायचं ठरत होतं, पण दुसरा मुलगाही दूर जाऊ द्यायला आई तयार होईना. ते थांबले. सैन्य नाही, विलायत नाही. मग त्यांनी गावातल्या मुलांना शिकवायचं ठरवलं.

१९१० साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी उत्मानझाईत पहिली शाळा काढली. बरोबर तुरंगझईचे हाजीसाहेब नावाचे वयोवृद्ध धर्मसुधारक होते. दोघांनी मिळून गावोगाव शाळा काढल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात हाजीसाहेबांनी सरहद्दीपलीकडच्या टोळ्यांच्या मुलखात जाऊन इंग्रजांविरुद्ध हत्यार उचललं आणि सरकारने शाळा बंद पाडल्या. इथे दोन वाटा फुटल्या. हाजीसाहेबांची वाट पठाणांच्या ओळखीची होती. अब्दुल गफार खान पुन्हा शाळेकडेच वळले. १९२१ मध्ये त्यांनी उत्मानझाईत 'आझाद' शाळा उघडली आणि मग पुन्हा गावोगाव फिरू लागले.

सरकारला ही शाळा बंदुकीपेक्षा जास्त खुपली. प्रांताच्या चीफ कमिशनरने म्हाताऱ्या बेहराम खानांना बोलावून मुलाला आवर घालायला सांगितलं. वडिलांनी मुलाला समजावून पाहिलं. मुलाने उलट विचारलं, बाकी सगळ्यांनी नमाज सोडला तर तुम्ही मलाही सोडायला सांगाल का? वडील म्हणाले, कधीच नाही. मग लोकांना शिकवणं हे माझ्यासाठी तितकंच मोठं कर्तव्य आहे, असं मुलाने सांगितल्यावर वडील गप्प झाले आणि पुन्हा कधी आड आले नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस अटक झाली. तीन वर्षं सक्तमजुरी, पायात बेड्या, जात्यावर दळण. जमीनदाराचा मुलगा शाळा काढल्याबद्दल तुरुंगात धान्य दळत होता.

सुटून आल्यावर त्यांनी १९२८ मध्ये 'पख्तून' नावाचं मासिक सुरू केलं. पुश्तू भाषेत वाचण्यासारखं फारसं छापलं जात नसे, म्हणून. त्यात स्त्रियाही लिहीत आणि पठाण पुरुषांना सरळ जाब विचारत. मुलींच्या शिक्षणाचा आग्रह खानांनी कधी सोडला नाही. आणि १९२९ च्या अखेरीस त्यांनी ती संघटना उभारली, जिचं नाव आपण परीक्षेत लिहायचो : खुदाई खिदमतगार, म्हणजे देवाचे सेवक.

या संघटनेची रचना मला सगळ्यात विचार करण्यासारखी वाटते. प्रत्येक सदस्याला शपथ घ्यावी लागे. देवाला आपल्या सेवेची गरज नाही, म्हणून त्याच्या लेकरांची सेवा करायची, आणि त्यात धर्म बघायचा नाही. हिंसा करायची नाही, सूड घ्यायचा नाही, अन्याय करणाऱ्याला माफ करायचं. भाऊबंदकी आणि वैर सोडायचं. साधं राहायचं. कामाचा मोबदला मागायचा नाही. आणि रोज किमान दोन तास समाजाचं काम करायचं. गावं झाडायची, सूत कातायचं, मुलांना शिकवायचं. शपथ घेणारे बहुतेक पठाण मुसलमान होते, पण हिंदू आणि शीखांनाही दार उघडं होतं.

दुसरीकडे ही अगदी सैन्यासारखी फौज होती. तिच्यात जर्नेल होते, कर्नेल होते, कवायत होती, ढोल होते, शिबिरं होती. फक्त हत्यार नव्हतं. पांढरे कपडे लवकर मळतात म्हणून काहींनी ते चामडं कमावणाऱ्यांकडच्या विटकरी रंगात बुडवून घेतले आणि तोच पुढे गणवेश झाला. लाल डगला आला तो असा, मळखाऊ रंग म्हणून. सरकारने मात्र त्यात रशियाचा हात पाहिला.

अहिंसा हा पठाणांचा स्वभाव नव्हता, हे खानांना पुरतं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी लोकांना नुसतं शांत राहायला सांगितलं नाही. शूरपणा, शिस्त, दिलेल्या शब्दासाठी मरण्याची तयारी, हे जे पठाणांकडे आधीच होतं, त्यालाच त्यांनी नवी दिशा दिली. सबुरी आणि माफी ही पैगंबरांचीच शिकवण आहे, मक्केत छळ होत असताना त्यांनी हेच हत्यार वापरलं होतं, असं ते गावकऱ्यांना सांगत. अहिंसा त्यांनी बाहेरून आणली नाही, लोकांच्या स्वतःच्या धर्मातून काढून त्यांच्या हातात दिली. म्हणूनच ती टिकली.

तिची पहिली परीक्षा २३ एप्रिल १९३० रोजी झाली. त्या दिवशी खानांना अटक झाली आणि पेशावरच्या किस्साखानी बाजारात लोक जमले. चिलखती गाड्या गर्दीत घुसल्या, माणसं चिरडली गेली, मग गोळीबार सुरू झाला. जमाव निःशस्त्र होता आणि पठाणांचा होता, तरी कुणी बंदूक आणायला घरी गेलं नाही. लोक उभे राहिले, पडत गेले, आणि मागचे पुढे येत राहिले. मुसलमान जमावावर हिंदू पलटण सोडायची, हा सरकारचा हिशेब होता. गढवाल रायफल्सच्या चंद्रसिंगांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तो उधळला. निःशस्त्र भावांवर गोळी झाडायला त्यांनी साफ नकार दिला. त्यांच्यावर लष्करी खटला चालला आणि चंद्रसिंगांना जन्मठेप झाली. पुढच्याच महिन्यात सोलापूर पेटलं, आणि तिथे १९३१ च्या जानेवारीत जे चौघे फासावर गेले त्यांत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे होते आणि कुर्बान हुसेनही होते. पुस्तकात हे दोन परिच्छेद शेजारी शेजारी का होते, ते मला आत्ता कळलं.

पेशावरच्या गोळीबारानंतर खुदाई खिदमतगार मूठभर राहिले नाहीत, हजारोंनी वाढले. खान त्या वेळी पंजाबातल्या गुजरात गावच्या तुरुंगात होते. तिथे हिंदू, शीख आणि मुसलमान राजबंदी एकत्र होते. त्यांनी तिथेही वर्ग सुरू केले. गीता वाचली गेली, कुराण वाचलं गेलं, गुरू ग्रंथसाहिबही त्यांनी समजून घेतला. दुसऱ्याचा धर्मग्रंथ आपण वाचावा आणि आपला त्याला वाचून दाखवावा, इतकी साधी ती रीत होती. हे करताना त्यांचा एकही नमाज चुकला नाही. दुसऱ्याच्या धर्माचा आदर करायला आपला धर्म पातळ करावा लागतो, असं त्यांना कधी वाटलं नाही.

त्यांच्या आयुष्यात महाराष्ट्राचाही एक धागा आहे. १९३४ च्या ऑगस्टमध्ये हजारीबागच्या तुरुंगातून सुटका झाली, पण सरहद्द प्रांतात आणि पंजाबात पाऊल ठेवायला बंदी होती. जमनालाल बजाजांच्या निमंत्रणावरून दोघे भाऊ वर्ध्याला येऊन राहिले. मुलगी मेहरताज हिलाही त्यांनी वर्ध्यातच शिकायला ठेवलं. आश्रमाच्या प्रार्थनेत खान कुराणातल्या आयती म्हणत आणि तुळशीरामायण आवडीने ऐकत. त्याच वर्षी काँग्रेसचं अध्यक्षपद त्यांच्यापुढे आलं होतं, ते त्यांनी नाकारलं. आपण शिपाई आहोत, तेवढं पुरे, ही त्यांची भूमिका. मुंबईत ख्रिस्ती बांधवांच्या एका सभेत त्यांनी सरहद्दीवर काय घडलं ते सांगितलं. ते भाषण राजद्रोही ठरलं आणि डिसेंबरमध्ये वर्ध्यातच त्यांना अटक झाली. दोन वर्षांची शिक्षा. सुटल्यावरही बंदी उठलेली नव्हती, तेव्हा ते पुन्हा गांधीजींजवळ वर्धा-सेवाग्रामलाच आले.

१९३७ मध्ये सरहद्द प्रांतात डॉ. खानसाहेबांचं मंत्रिमंडळ आलं. मुसलमान बहुसंख्य असलेल्या त्या प्रांतात मंत्रिमंडळात हिंदूही होते. धाकट्या भावाने कोणतंही पद घेतलं नाही. ते गावोगाव चालत राहिले. १९३८ मध्ये गांधीजी दोनदा सरहद्दीवर गेले. उत्मानझाईत त्यांच्या रक्षणासाठी रात्री सशस्त्र पहारा ठेवला होता. गांधीजींना ते खटकलं, आणि खानांनी पहारेकऱ्यांची हत्यारं काढून घेतली. पठाणाच्या घरी आलेल्या पाहुण्याच्या जिवाची जबाबदारी यजमानाची असते, हे लक्षात घेतलं की या साध्या कृतीचं वजन कळतं. १९४० मध्ये काँग्रेसने अटी घालून युद्धाला मदत देऊ केली, तेव्हा खानांनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला. अहिंसा त्यांच्यासाठी सोयीचं धोरण नव्हतं. १९४२ च्या लढ्यात लाठीमाराने त्यांच्या बरगड्या मोडल्या.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे एखादी सिस्टीम चांगली की वाईट, हे गर्दीच्या दिवशी कळतं. शांत दिवशी सगळ्याच सिस्टीम चालतात. आणि गर्दीच्या दिवशी जी टिकते, ती त्या दिवशीच्या धावपळीमुळे टिकत नाही. आधी कित्येक महिने कुणीतरी केलेल्या, कुणाच्या नजरेत न भरलेल्या कामामुळे टिकते. खानांच्या आयुष्यात असा दिवस १९४७ मध्ये आला.

कलकत्ता, नोआखाली, बिहार, रावळपिंडी, एकामागून एक पेटत गेलं. बिहारमध्ये मारले गेलेले बहुतेक मुसलमान होते. मार्चमध्ये गांधीजी तिथे गेले तेव्हा बादशाह खान त्यांच्याबरोबर होते. जळलेल्या गावांतून हिंडत, पळून गेलेल्या मुसलमानांना परत यायला धीर देत आणि हिंदूंना त्यांच्या कर्तव्याची आठवण देत दोघे फिरले. त्याच काळात खानांच्या स्वतःच्या प्रांतात उलटं चित्र होतं. तिथे हिंदू आणि शीख अल्पसंख्य होते आणि त्यांच्यावर हल्ले सुरू झाले होते. हजारा भागात आधीच रक्त सांडलं होतं. तेव्हा पेशावर आणि आसपास हजारो लाल डगलेवाले रस्त्यावर उतरले आणि हिंदू-शीखांच्या वस्त्यांवर पहारा देऊ लागले. हातात शस्त्र नव्हतं. समोरून येणारे त्यांचेच धर्मबांधव होते, कधी नात्यागोत्यातलेही. धर्माशी द्रोह केल्याच्या शिव्या खात हे लोक शेजाऱ्याच्या दारात उभे राहिले.

सगळे वाचले असं नाही. बहुतेक हिंदू आणि शीख कुटुंबांना पुढे घरदार सोडून भारतात यावंच लागलं. पण आपल्या जिवासाठी शेजारचा मुसलमान दारात उभा राहिला, एवढं त्यांच्यापैकी अनेकांना बरोबर नेता आलं. तो पहारा आदेशाने एका रात्रीत उभा राहिला नव्हता. रोजचे दोन तास, सूड न घेण्याची शपथ, शिबिरं, कवायत, तुरुंगातली एकत्र वाचनं, आणि त्याआधीची १९१० ची ती शाळा, हे सगळं त्या दारात उभं होतं.

राजकारणात मात्र ते हरले. काँग्रेसने फाळणी आणि सरहद्द प्रांतातलं सार्वमत मान्य केलं. ज्यांच्यासाठी आयुष्य घातलं त्यांनीच आपल्याला वाऱ्यावर सोडलं, ही वेदना खानांना अखेरपर्यंत होती. मतपत्रिकेवर पाकिस्तान किंवा भारत एवढे दोनच पर्याय होते, पठाणांच्या स्वतंत्र प्रदेशाचा तिसरा पर्याय नव्हता, म्हणून खुदाई खिदमतगारांनी जुलै १९४७ च्या सार्वमतावर बहिष्कार टाकला. पाकिस्तानच्या बाजूने २,८९,२४४ मतं पडली, भारताच्या बाजूने २,८७४. मतदान झालं सुमारे ५१ टक्के. स्वातंत्र्यानंतर एका आठवड्यात डॉ. खानसाहेबांचं मंत्रिमंडळ बरखास्त झालं.

खानांनी पाकिस्तानच्या संविधान सभेत एकनिष्ठेची शपथ घेतली, पण त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. जून १९४८ मध्ये अटक झाली. ऑगस्टमध्ये चारसद्द्याजवळ बाबडा इथे त्यांच्या अनुयायांवर गोळीबार होऊन अनेक जण मारले गेले. संघटनेवर बंदी आली. १९५८ मध्ये भावाची लाहोरला हत्या झाली. इंग्रजांचे आणि पाकिस्तानचे मिळून त्यांनी सुमारे ३० वर्षं तुरुंगवास भोगला. १९६४ पासून काही वर्षं ते अफगाणिस्तानात आश्रयाला होते.

१९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीसाठी ते भारतात आले. वय ७९. सामान म्हणजे कापडाचं एक गाठोडं. पंतप्रधान इंदिरा गांधींनी ते हातात घ्यायला पाहिलं, पण त्यांनी दिलं नाही. आदल्याच महिन्यात अहमदाबादेत भीषण दंगल झाली होती. ज्या माणसाचा सत्कार करायचं ठरलं होतं, त्याने आल्या आल्या तीन दिवसांचा उपवास केला आणि मग गुजरातमध्ये जाऊन दंगलग्रस्तांमध्ये फिरला. संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे बोलताना गांधींना तुम्ही विसरलात हे त्यांनी यजमानांना तोंडावर सुनावलं. १९८७ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. भारताचे नागरिक नसलेले ते पहिले भारतरत्न. २० जानेवारी १९८८ रोजी पेशावरला त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन अफगाणिस्तानात जलालाबादला व्हायचं होतं. तिथे युद्ध चालू होतं. अंत्ययात्रेसाठी लढाई थांबवण्यात आली आणि हजारो लोक खैबर खिंड ओलांडून शवपेटीमागे गेले. तरी जलालाबादेत बॉम्बस्फोट झाले आणि काही माणसं दगावली. शांततेसाठी जगलेल्या माणसाला निरोपही पुरता शांत मिळाला नाही.

मग त्यांच्या हाती काय लागलं, असं कुणी विचारेल. मला वाटतं, पुढारी किती जागा जिंकला याखेरीज आणखीही एक मोजमाप असतं. तो तुरुंगात असताना त्याची माणसं कशी वागतात, हे ते मोजमाप. किस्साखानी बाजारात त्या दिवशी लोक उभे राहिले, तेव्हा बादशाह खान अटकेत होते. आणि १९४७ मध्ये बिहारच्या गावांतून ते हिंडत होते तेव्हा पेशावरचे पहारे त्यांच्या माणसांनीच दिले. पुढारी जवळ नसतानाही माणसं चांगली वागली, याहून मोठं यश मला तरी माहीत नाही.

हे सगळं आपल्या स्मरणिकेत का, याचं कारण इथे वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या बॅचच्या ग्रुपवरून काही जण न बोलता निघून गेले. दहा वर्षं एका बाकावर डबा खाल्लेल्यांना एकमेकांचे धर्म अचानक आठवायला लागले. कुणी कुठला मेसेज पाठवला याचा निवाडा मला करायचा नाही. वाद घालून कुणी परत येत नसतं. बादशाह खानांनीही लोकांना वादात जिंकलं नाही. त्यांनी त्यांना एकत्र कामाला लावलं, झाडू हातात दिला, शेजारी बसवून वाचायला लावलं.

मेळाव्यात शाळेच्या वाचनालयासाठी निधी जमणार आहे. तो द्यावाच. पण पैशाबरोबर थोडा वेळही द्यावा, अशी माझी सूचना आहे. खुदाई खिदमतगार रोज दोन तास देत. आपण महिन्यातून दोन देऊ. शाळेतल्या आजच्या मुलांना गणित, इंग्रजी, संगणक, ज्याला जे येतं ते शिकवायचं. दूर राहणाऱ्यांनी ऑनलाइन शिकवावं. प्रत्येक वर्गाला दोघा-दोघांच्या जोड्या असाव्यात. ग्रुप सोडून गेलेल्यांना मी स्वतः फोन करून बोलावणार आहे, आणि माझी जोडी त्यांच्यापैकीच एकाशी लावा, असं मी मेळाव्याच्या समितीला कळवलं आहे.